मार लागल्यावर नाकातून पाणी गळतंय: कवटीच्या तळाचं ऑपरेशन नेमकं काय असतं?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी दोन ओळीत परत सांगतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही समजेल. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, लहान भाऊ 26 वर्षांचा, 12 दिवसांआधी रात्री बाजारातून येताना रोही (नीलगाय) आडवा आला आणि गाडी स्लिप झाली, हेल्मेट हँडलला लटकवलेलं. डोळ्याभोवती काळंनिळं झालं, नाकातून रक्त आलं, मग रक्तमिश्रित पाणी, मग नुसतं पाणी. पाचव्या दिवशी थांबलं तर घरच्यांनी सुटका समजून घरी आणलं. नवव्या दिवशी सकाळी तोंड धुवायला वाकला तर डाव्या नाकपुडीतून नळासारखं पाणी आलं, आणि आता वाकला की येऊन राहिलं. गावातले डॉक्टर सर्दी म्हणतात. सीटीच्या रिपोर्टात डाव्या बाजूच्या इथमॉइडच्या (नाकाच्या वर, दोन डोळ्यांच्या मधलं पोकळ हाड) छपराला अंदाजे 6 मिमीची फट, कवटीच्या आत थोडी हवा, फ्रंटल सायनस (कपाळाच्या हाडातली पोकळी) ठीक. नागपूरला ऑपरेशन सांगितलं, आणि घरचे म्हणतात एकदा थांबलं तसं परत थांबेल, डोकं कशाला उघडायचं.

मी न्यूरोसर्जन आहे, वीसेक वर्षांपासून विदर्भातच हेच काम करतो. तुमच्या भावाला मी तपासलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द ज्यांनी तपासलं त्यांचाच. पण तुम्ही जे लिहिलं त्यावरून माझं मत सरळ आहे, ऑपरेशन करून घ्या, आणि डोकं उघडायचं काम बहुतेक पडणार नाही. आता का ते सविस्तर सांगतो, थोडं लांबेल.

आधी ते पाणी काय आहे ते बघू. मेंदू कवटीत नुसता ठेवलेला नसतो, तो पाण्यात तरंगतो, त्याला सीएसएफ म्हणतात. आणि हे पाणी जागेवर राहावं म्हणून मेंदूभोवती एक जाड चिवट पडदा असतो, तो ड्युरा. मोठ्या माणसात कोणत्याही वेळी साधारण 150 मिली पाणी असतं आणि दिवसाला जवळपास 500 मिली नवीन तयार होतं, म्हणजे दिवसातून तीनदा-चारदा पूर्ण पाणी बदलतं. नातेवाईक नेहमी घाबरून विचारतात, साहेब मेंदूचं पाणी सरून जाईल का. नाही सरत, विहिरीला झरा आहे. डोकं दुखेल, बसल्यावर जास्त दुखेल, तेवढं. खरी भीती उलटी आहे. ज्या वाटेनं पाणी बाहेर येऊन राहिलं त्याच वाटेनं नाकातले जंतू आत जाऊ शकतात, हवा आत जाऊ शकते. नाक म्हणजे काही स्वच्छ जागा नव्हे. न्यूमोकोकस नावाचा जंतू तिथं आरामात राहतो, आणि अशा गळतीतून, म्हणजे लीकमधून, होणाऱ्या मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या पडद्यांचं इन्फेक्शन) सगळ्यात जास्त वेळा तोच सापडतो.

फाटतं कुठं आणि का? कवटीचं वरचं हाड जाड असतं, खालचा तळ जागोजागी पापडासारखा. नाकाच्या वर, दोन डोळ्यांच्या मधात, चाळणीसारखं एक हाड आहे, त्याच्या छिद्रांतून वासाच्या नसा खाली नाकात उतरतात. त्या चाळणीच्या बाजूची उभी पट्टी तर तळाच्या पुढच्या भागातलं सगळ्यात पातळ हाड. आणि नेमकं तिथंच ड्युरा हाडाला घट्ट चिकटलेला असतो. वर कवटीच्या घुमटात ड्युरा हाडापासून सहज सुटतो, म्हणून तिथं हाड तडकलं तरी पडदा बरेचदा वाचतो. खाली हाड तडकलं की पडदाही सोबत फाटतो, भिंतीला चिकटवलेला कागद भिंतीला चीर गेली की फाटतो तसा. तरी तळ फुटलेल्या प्रत्येकाला लीक होत नाही, साधारण 100 पैकी 10 ते 30 जणांना होतो, आणि त्यातल्या बहुतेकांचं पाणी 7-10 दिवसांत आपोआप थांबतं. कानातून येणारं पाणी तर नाकापेक्षाही जास्त वेळा आपोआप थांबतं. म्हणून तुम्हाला पहिल्या आठवड्यात कोणी ऑपरेशन सांगितलं नाही ते बरोबरच होतं. तेव्हा डोकं वर करून झोपवणं, शिंकरू न देणं, पोट साफ राहील असं औषध, एवढंच करायचं असतं.

सर्दीचं म्हणाल तर सर्दी एका नाकपुडीतून, आणि तीही वाकल्यावरच धार लागून, येत नाही. रात्री झोपल्यावर घशात खारट लागतं का, ठसका लागतो का, सकाळी उशी एका बाजूनं ओली असते का, हे विचारा त्याला. जुने लोक रुमाल बघतात, शेंबूड वाळला की कापड कडक होतं आणि हे पाणी वाळलं की कापड मऊच राहतं. रुमालाची गोष्ट खोटी नाही पण त्यावर निदान करता येत नाही. शुगर तपासायची पद्धतही अजून काही ठिकाणी चालते, पाण्यात साखर निघाली की मेंदूचं पाणी. पण त्यात थोडं रक्त किंवा डोळ्याचं पाणी मिसळलं तरी साखर येते. बीटा-2 ट्रान्सफेरिन (मेंदूच्या पाण्यात सापडणारं प्रोटीन) ही खरी टेस्ट आहे, अर्धा-एक मिली पाणी लॅबच्या साध्या नळीत गोळा करून पाठवायचं. मोठ्या लॅबमार्फत होते, रिपोर्टला काही दिवस लागतात. तुमच्या केसमध्ये सीटीत फट दिसते, धार दिसते, हवा दिसते, मी असतो तर त्या रिपोर्टसाठी थांबलो नसतो.

आता तुमच्या घरच्यांच्या मुद्द्यावर येतो, कारण खरा घोळ तिथंच आहे. "पाणी त बंद झालं होतं ना, मंग आता काहाले कापता?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की पेशंटचा बाप तोंड उघडायच्या आधी मला ऐकू येतं. आणि त्यांचं चूक आहे असंही नाही, कारण सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः हाच हिशोब करत होतो. एक माणूस आठवतो, तुरीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलेला. सहा दिवस पाणी आलं, सातव्या दिवशी थांबलं, आठव्या दिवशी मी हसत हसत सुट्टी दिली. सीटीत फट होती, दिसत होती, पण पाणी नाही तर काय करायचं असा माझा विचार. आठ महिन्यांनी तो परत आला तेव्हा स्ट्रेचरवर होता, ताप, मान ताठ, बडबडत होता, बायकोला ओळखत नव्हता. घरच्यांनी दोन दिवस ताप डोक्यात गेला म्हणून मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. न्यूमोकोकसच निघाला. तो वाचला, पण एक कान कायमचा गेला. नंतर ऑपरेशनमध्ये बघितलं तर तुरीच्या दाण्याएवढं भोक, आणि त्या भोकात मेंदूचाच एक लहानसा तुकडा बुचासारखा बसलेला. पाणी थांबलं होतं कारण मेंदूनं स्वतःच बूच लावलं होतं. पडदा जुळला नव्हताच.

असं का होतं तर मार लागल्यावर मेंदूला सूज असते, फटीत रक्ताची गाठ बसते, नाकाचं अस्तरही सुजलेलं असतं. हे सगळं मिळून भोक दाबून धरतं. आठवड्या-दोन आठवड्यात सूज उतरते, गाठ विरघळते, आणि झाकण निघून जातं. तुमच्या भावाचं पाचव्या दिवशी थांबून नवव्या दिवशी परत सुरू झालं ते हेच असावं. कधी फटीवर नाकाचं पातळ अस्तर आणि थोडा व्रण चढतो आणि तेवढ्यावर माणूस आयुष्य काढतो, ते बहुसंख्य आहेत, त्यांना मी हात लावत नाही. पण थांबून परत सुरू झालेला लीक, आठवडा-दहा दिवस उलटूनही न थांबलेला, उशिरा सुरू झालेला, फटीत मेंदू उतरलेला, कवटीतली हवा वाढत चाललेली, किंवा एकदा मेनिंजायटिस होऊन गेलेला, या लोकांना थांबेल-थांबेल म्हणून घरी ठेवणं मला पटत नाही. तुमचा भाऊ यात बसतो.

ऑपरेशन काय असतं ते सांगताना मी पेशंटना कवेलूच्या घराचं उदाहरण देतो. पावसाळ्यात पाणी चुलीवर टपकतं म्हणून बरोबर चुलीच्या वरचं कवेलू बदललं तर गळती थांबते का? नाही, पाणी वर कुठूनतरी शिरतं, फाट्यावरून घसरत येतं आणि चुलीवर टपकतं. कवेलू फेरणारा जाणता माणूस आधी वर चढून नुसता बघत बसतो. इथंही तसंच, डाव्या नाकपुडीतून पाणी येतं म्हणजे भोक डावीकडेच असेल असं बहुतेक वेळा असतं, नेहमी नाही. कानाचा पडदा फाटलेला नसेल आणि कानाकडचं हाड तडकलेलं असेल तर कानातलं पाणी आतल्या नळीतून घशात आणि नाकात येतं, पेशंट आणि नवीन डॉक्टर दोघंही नाकच शोधत बसतात. माझ्या मते या ऑपरेशनचा अर्धा भाग टेबलावर जायच्या आधी होतो. पातळ कापांचा सीटी, 1 मिमी किंवा त्याहून बारीक, आडवे उभे दोन्ही. सोबत एमआरआय, त्यात पाणी पांढरंशुभ्र दिसतं आणि फटीतून खाली उतरलेली पांढरी रेघ सापडली की मन निवांत होतं. तरी नाही सापडलं तर पाठीतून औषध टाकून सीटी काढतात.

आणि तरीही मी एकदा फसलो. एक भोक सापडलं, छान झाकलं, पाचव्या दिवशी परत पाणी. सीटी परत काढून बघितला तर दीड सेंटीमीटर मागं दुसरी बारीक चीर, पहिल्या सीटीतही होती, मी पहिलं भोक सापडल्याच्या आनंदात पुढं बघितलंच नव्हतं. तेव्हापासून पहिलं सापडलं की मी दुसऱ्यासाठी बघतो, आणि दुसरं सापडलं की तिसऱ्यासाठी.

तुमच्या भावाचं भोक जिथं आहे तिथं आता दुर्बिणीनं नाकातूनच जातात. डोक्यावर चिरा नाही, टक्कल नाही. हे काम कान-नाक-घसावाले आणि न्यूरोसर्जन मिळून करतात आणि मिळून केलेलंच बरं, मी नाकातल्या पडद्यांमध्ये त्यांच्याएवढा सफाईनं फिरत नाही आणि ते मेंदूच्या बाजूला माझ्याएवढे निर्धास्त नसतात. पूर्वी हे सगळं कवटी उघडूनच होत असे. 1926 साली अमेरिकेत वॉल्टर डँडीनं कपाळावरून कवटी उघडून पहिल्यांदा असा लीक बंद केला, आणि ठिगळ म्हणून मांडीतली चिवट पट्टी वापरली. नाकातून दुर्बिणीनं लीक बंद केल्याचं पहिलं काम 1981 चं, विगँड नावाच्या जर्मन डॉक्टरचं. वाट बदलली पण मांडीची पट्टी आजही तीच आहे, शंभर वर्षांत तिच्याहून भारी काही मिळालं असं मला तरी वाटत नाही.

टेबलावर काय चालतं ते जवळून सांगतो. पेशंटला पूर्ण भूल. काही ठिकाणी आधी पाठीतून फ्लुरोसीन टाकतात, म्हणजे गळती दिसावी म्हणून पाण्याला रंग देणारं औषध, 10 टक्क्यांचं औषध फक्त 0.1 मिली, पेशंटच्याच 10 मिली पाण्यात मिसळून, आणि हळूहळू, घाई नाही, कारण जास्त झालं तर झटके येऊ शकतात, म्हणून त्याची वेगळी सही घेतात. मग नाकात अ‍ॅड्रेनलिनमध्ये भिजवलेल्या पट्ट्या ठेवून अस्तर आकसवायचं, रक्त कमी येतं. 4 मिमी जाडीची दुर्बीण आत. मधलं हाड बाजूला करून इथमॉइडच्या लहान लहान खोल्या एकेक उघडत छपरापर्यंत जायचं. आणि मग अचानक, अस्तराच्या एका चिरेतून, हिरवट-पिवळा थेंब वर येतो, मागं जातो, परत येतो, नाडीच्या ठोक्यावर. निळ्या लाईटखाली तो चमकतो. इतकी वर्षं झाली तरी तो थेंब दिसला की ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे एका क्षणासाठी गप्प होतात.

आता पंक्चरवाला आठवा. तो ट्यूबवर लगेच ठिगळ चिकटवतो का? आधी कानसीनं घासतो, भोकाच्या चारही बाजूनं, रबर खरखरीत होईपर्यंत. न घासता चिकटवलेलं ठिगळ चौकात निघतं. इथं घासायचं म्हणजे भोकाच्या कडेचं नाकाचं अस्तर चारी बाजूनं 4-5 मिमी सोलून काढायचं, उघडं हाड दिसेपर्यंत. अस्तर तसंच राहिलं आणि त्यावर ठिगळ ठेवलं तर ते धरत नाही, कारण अस्तर चिकट पाणी सोडत राहतं, आणि दबलेल्या अस्तराची पुढं गाठ होते ते वेगळंच. हे सोलायचं काम कंटाळवाणं आहे, वीस-पंचवीस मिनिटं खातं, आणि माझ्या अनुभवात ठिगळ फेल जातं ते बहुतेक वेळा इथं घाई केल्यामुळंच जातं. ठिगळ कोणत्या कंपनीचं वापरलं, ग्लू कोणता, यावर लोक कॉन्फरन्समध्ये तासभर भांडतात. कड नीट सोलली नसेल तर सोन्याचं ठिगळ लावा, निघणारच.

तोवर दुसरा डॉक्टर मांडीच्या बाहेरच्या बाजूला 3-4 सेंटीमीटरचा चिरा देऊन फॅशिया लाटा काढतो. पांढरी, चमकदार, तिरप्या उजेडात रेशमासारखी दिसणारी पट्टी असते ती. तिच्यावरचं मांस खरवडायचं, मग थोडा वेळ हवेत ठेवायची की ती कागदासारखी कडक होते आणि दुर्बिणीखाली फिरवायला सोपी जाते, नाहीतर ओल्या रुमालासारखी गोळा होते. त्याच चिऱ्यातून थोडी चरबीही घेतो. पहिली पट्टी भोकाच्या आतून, ड्युरा आणि हाडाच्या मधात सरकवायची, भोकापेक्षा सगळीकडून थोडी मोठी. आतून का, तर पाण्याच्या टाकीला ठिगळ आतून लावलं की पाण्याचा दाबच त्याला भिंतीवर दाबून धरतो, बाहेरून लावलं तर तोच दाब त्याला ढकलतो. मग लहान भोक असेल तर चरबीचा तुकडा बुचासारखा, त्यावर दुसरी पट्टी बाहेरून, त्यावर नाकाच्या अस्तराचा तुकडा, ग्लू, विरघळणारा स्पंज, आणि शेवटी बोळा. 6 मिमीला एवढं पुष्कळ झालं. भोक सेंटीमीटरच्या वर असेल किंवा आधीचं ऑपरेशन फेल गेलं असेल तर नाकाच्या मधल्या पडद्याचं अस्तर त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिनीसकट फिरवून वर बसवतात. ही युक्ती अर्जेंटिनाच्या डॉक्टरांनी 2006 मध्ये मांडली आणि तिनं मोठ्या भोकांचं गणितच बदलून टाकलं, कारण जिवंत ठिगळ ते. शेवटी भूलवाल्या डॉक्टरांना फुप्फुसं फुगवून दाब धरायला सांगतो, डोक्यातला दाब वाढतो, आणि मी ठिगळाच्या कडेकडे बघत राहतो. कोरडी राहिली तरच बोळा भरायचा.

कवटी उघडावी लागते ती वेगळ्या लोकांची. फ्रंटल सायनसची मागची भिंत चुरा झाली असेल, फट खूप मोठी किंवा दोन्हीकडे असेल, आत रक्ताची गाठ काढायचीच असेल, तेव्हा कानापासून कानापर्यंत केसांत चिरा देऊन कवटीवरचं पातळ अस्तर एका बाजूनं जोडलेलं ठेवून खाली वळवतात आणि तळावर चादरीसारखं अंथरतात. चांगलं टिकतं. त्यात मेंदू थोडा उचलावा लागतो, वासाच्या नसा जाण्याची शक्यता असते. तुमच्या रिपोर्टात फ्रंटल ठीक आहे म्हणून मी वर लिहिलं की डोकं उघडायचं काम बहुतेक पडणार नाही.

गुण किती येतो? अशा लहान भोकांना पहिल्याच वेळी 100 पैकी साधारण 90 जणांचा लीक बंद होतो, राहिलेल्यांपैकी बहुतेकांचा दुसऱ्यांदा. धोके नाहीत असं कोणी म्हटलं तर त्याच्याकडं जाऊ नका. रक्तस्राव, इन्फेक्शन, वास जाणं, डोळ्याजवळचं काम असल्यानं डोळ्याला इजा, हे कमी वेळा पण होऊ शकतं. सही घेताना त्यांना या चारही गोष्टी विचारा.

काही जणांना पाठीत बारीक नळी टाकून तासाला 5 ते 10 मिली पाणी काढतात, दाब कमी राहतो. तुमच्याकडं ती टाकली तर एक गोष्ट घरच्यांनी डोक्यात पक्की ठेवावी, त्या पिशवीला कोणीही हात लावायचा नाही. माझ्या एका पेशंटची पिशवी झाडू मारताना अडथळा होते म्हणून कोणीतरी खाली जमिनीवर ठेवली. अर्ध्या तासात कितीतरी पाणी खाली आलं, डोक्यात दाब घसरला आणि नाकातून हवा आत ओढली गेली. संध्याकाळी तो गुंगीत गेला. सीटीत पुढच्या भागात काळी हवा आणि मधोमध मेंदूची दोन टोकं, जपानच्या फुजी डोंगरासारखं दिसतं म्हणून त्याला तेच नाव आहे. तो सुधारला, पण ती रात्र मी वार्डातच काढली. उठवायचं, बसवायचं, एक्स-रेला न्यायचं असलं की आधी सिस्टरला बोलवा, ती चिमटा लावेल, मगच हलवा.

अँटिबायोटिकबद्दल तुम्ही विचारलं, रोज एक गोळी द्यायची का म्हणून. मेनिंजायटिस होऊ नये म्हणून आधीच गोळ्या देऊन फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही, कोक्रेनच्या (जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) आढाव्यातही त्याला आधार मिळाला नाही, उलट साधे जंतू मरून दांडगे राहतात. न्यूमोकोकसची लस मात्र द्या, लीक असलेल्यांना ती द्यावी असा सल्ला आहे. ऑपरेशन होईपर्यंत बिछान्याचं डोकं 30 अंश वर, शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून येऊ द्यायची, नाकात कापूस कोंबायचा नाही, थेंब टाकायचे नाहीत, वाफ नाही. नाकातून जेवणाची नळी कोणी टाकायला आलं तर तळ फुटलेला आहे हे ओरडून सांगा, ती तोंडातून टाकतात, नाकातून टाकलेली नळी तुटलेल्या हाडातून मेंदूत गेल्याच्या घटना झालेल्या आहेत. खर्रा (तंबाखू-सुपारी) बंद. खर्ऱ्यानं भोक मोठं होत नाही, पण ठसका लागतो, आणि तोंड साफ राहत नाही. आणि ताप आला, डोकं फुटल्यासारखं दुखलं, मान वाकेना, उजेड सहन होईना, उलट्या किंवा गुंगी, यातलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची बस बघायची नाही, 108 ला फोन करून त्याच रात्री निघा. तेव्हा आधी मेनिंजायटिसचा इलाज होतो, ऑपरेशन नंतर.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, आणि अ‍ॅडमिट होण्याआधी आरोग्यमित्राला विचारा की याच ऑपरेशनला त्या दवाखान्यात मंजुरी मिळेल का, कारण योजना आहे म्हणून प्रत्येक ठिकाणी प्रत्येक ऑपरेशन होतं असं नाही. नागपूरचं सुपर स्पेशालिटी किंवा एम्स, सेवाग्राम, सावंगी, तुम्हाला वर्धेकडून रस्ता सोयीचा असेल तर तिकडंही विचारून बघा. सीटीची नुसती फिल्म नेऊ नका, सीडी न्या. फिल्मवर त्यांनी निवडलेले काप असतात, मला न निवडलेलेच बघायचे असतात.

वासाचं एक तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. त्याला आत्ताच काही वास येतो का बघा, दोन्ही नाकपुड्या वेगळ्या, चहापत्ती किंवा साबण धरून. ऑपरेशनआधीच गेलेला असेल तर तो अपघातात नसा तुटून गेला आहे, नंतर डॉक्टरांना दोष देऊ नका, आणि परत येईलच असं धरून चालू नका. गावात वास नसणं म्हणजे जेवणाची चव गेली एवढंच नाही. सिलेंडर लीक झालेला कळत नाही, फवारणीचं औषध अंगावर येत असलेलं कळत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी-मजूर गेले ते तुम्हाला मी काय सांगू. वास नसलेल्या माणसाकडं पंप देऊ नका.

आणि शेवटचा तुमचा प्रश्न, कापसाची वेचणी चालू आहे, घरात कर्ता तोच, शेतात कधी जाईल. या हंगामात नाही. ऑपरेशननंतर बोळा काही दिवसांनी काढतील, आठवड्या-दोन आठवड्यांनी दुर्बिणीनं परत बघतील, 4 आठवडे शिंकरणं बंद आणि 6 आठवडे 5 किलोच्या वर काही उचलायचं नाही. माझा एक पेशंट तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून कापसाची चुंगडी पाठीवर घेऊन चढवायला गेला आणि माझ्याकडं परत आला, परत मांडी, परत नाक. दुसऱ्या एकाचं ठिगळ शौचाला जोर करून हललं, म्हणून पोट साफ ठेवायचं औषध मी अँटिबायोटिकपेक्षा जास्त बजावून सांगतो, आणि घरी कमोडची खुर्ची असेल तर ती वापरा. वेचणीत माणूस दिवसभर कमरेतून वाकलेला, डोकं खाली, पोटाला ओटी आवळलेली, म्हणजे जे जे नको ते सगळं एकाच कामात. वेचायला बाया लावा, काट्यावर वजन बघून वहीत लिहायला त्याला खुर्ची टाकून बसवा, तेवढं चौथ्या आठवड्यापासून चालेल.